मुंबईच्या कोळीवाड्यांतील सणोत्सव

मुंबई बेट व लगतचे साष्टी बेट यांच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत पाळली जाणारी वार्षिक सणांची परंपरा. नारळी पौर्णिमा आणि होळी हे तिच्यातील दोन मुख्य सण होत. भाद्रपदातील गौरी, चैत्रातील एकवीरा देवीची यात्रा, खंडोबाचे कुळाचार, ग्रामदेवतांच्या जत्रा आणि ख्रिस्ती कोळ्यांचे सण यांचाही तिच्यात अंतर्भाव होतो. वरळी, माहीम, धारावी, शीव, माझगाव, कुलाबा, वेसावे, मढ इ. ठिकाणच्या कोळीवाड्यांत या सणांचे स्वरूप बव्हंशी सारखे असले, तरी ज्या वस्तीला अद्याप समुद्र लाभलेला आहे व जिचा समुद्र दूर गेला आहे, अशा दोन वस्त्यांमधील सणांत महत्त्वाचा फरक पडत गेला. या दृष्टीने शीव कोळीवाड्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. कोळीवाडा हे नाव त्याने सोडलेले नाही; परंतु वरळी किंवा वेसाव्याप्रमाणे घराच्या दारातून तेथे आज पाणी दिसत नाही.

शीव म्हणजे गावाची वा मुलखाची हद्द. पोर्तुगीजांच्या व इंग्रजांच्या तोंडी या शब्दाचे ‘सायन’ असे रूप झाले. मुंबईच्या सात बेटांपैकी परळ बेटाचे हे उत्तर टोक असून खाडीपलीकडे साष्टी बेट सुरू होई. १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील ही बेटे गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. जेराल्ड आँजियर याच्या कारकीर्दीत शीवच्या टेकडीवर किल्ला बांधण्यात आला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकल्यावर १७७४ पर्यंत शीवची खाडी ही खरोखरीच दोन सत्तांची सरहद्द होती. या सर्व घडामोडींत सत्ताधीशांची नावे बदलली. खाडीत जाळे टाकणारे मात्र तेच राहिले. बेटावरील सर्वांत जुने रहिवासी कोळी होत, असे मत जर्सन द कुन्हा यांच्या मुंबईच्या उत्पत्तीवरील ग्रंथात (१९००) व त्यानंतरच्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरमध्ये (१९०९-१०) मांडलेले आहे. ज्या देवतेवरून शहराला नाव पडले, ती मुंबादेवी मूळची कोळ्यांचीच, ही समजूतही सर्वत्र रूढ आहे.

मुंबईतील कोळी हे प्रामुख्याने सोनकोळी होत. सह्याद्रीतील महादेव कोळ्यांशी नामसाम्यामुळे त्यांची अनेकदा गल्लत केली जाते; परंतु दोहोंचे व्यवसाय, वस्ती व चालीरीती भिन्न आहेत. सोनकोळ्यांच्या समाजजीवनाचा पद्धतशीर अभ्यास विजया पुणेकर यांनी केला व तो १९५९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. यंत्रनौका व नायलॉनची जाळी यांचा प्रसार पूर्णत्वास जाण्यापूर्वीचे कोळीजीवन त्यात नोंदले गेल्यामुळे त्याचे मोल अधिक आहे.

सण आणि भरती-ओहोटी : कोळ्यांचे पंचांग समजून घेतल्याशिवाय त्यांच्या सणांचा अर्थ लागत नाही. शेतकऱ्याचे वर्ष नक्षत्रांवर चालते, तसे कोळ्याचे तिथीवर चालते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी होतो, त्यास भांग म्हणतात. डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावलेले असते. त्यात मासळी येते ती पाण्याच्या ओढीने. म्हणून उधाणाचे दिवस हे डोलीच्या कमाईचे दिवस होत. नारळी पौर्णिमा व होळी हे दोन्ही मुख्य सण पौर्णिमेला येतात, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. फाल्गुनी पौर्णिमेला ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला लावून सण करावयाचा, म्हणजे चांगल्या कमाईचा दिवस देवाला व गावाला द्यावयाचा. कोळ्यांच्या उत्सवप्रियतेचे कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात हा त्याग सहसा येत नाही.

नारळी पौर्णिमा : श्रावण शुद्ध पौर्णिमेस साजरा होणारा हा सण कोळ्यांच्या वर्षाचा खरा आरंभ होय. ज्येष्ठात पाऊस सुरू झाला, की होड्या किनाऱ्यावर ओढून घेत, त्यांवर झावळ्यांचे छप्पर घालीत आणि पुढील दोन-अडीच महिने जाळी विणणे, फाटलेली जाळी सांधणे, दोर वळणे अशी कामे चालत. या काळात घरात रोकड कमी आणि उधारी जास्त असे. सुकवून ठेवलेले बोंबील, जवळा व सोडे यांवर दिवस निघत. पौर्णिमा जवळ आली, की होड्यांना डांबर व रंग लावून त्यांची डागडुजी करीत. नाळेवर फुलांच्या माळा व पताका चढत.

सणाच्या दिवशी सायंकाळी गावाच्या पाटलाच्या वा मानकऱ्याच्या घरून मिरवणूक निघते. सोनेरी कागदाने मढविलेला नारळ हा तिचा केंद्रबिंदू असून त्यालाच ‘सोन्याचा नारळ’ म्हणतात. पुढे वाजंत्री, मागे कासोटा घातलेल्या, डोक्यात फुलांच्या वेण्या माळलेल्या व अंगभर दागिने ल्यालेल्या स्त्रिया, आणि त्यांच्याबरोबर कानटोपी व सुरका घातलेले पुरुष, असा तिचा थाट असतो. किनाऱ्यावर पाण्याची पूजा करून नारळ अर्पण करतात आणि दर्याने शांत व्हावे, घरच्या धन्याला सुखरूप परत आणावे, अशी प्रार्थना करतात. घरोघरी नारळीभात, करंज्या असे नारळाचे पदार्थ होतात. मुले व तरुण नारळावर नारळ आपटून कोणाचा फुटतो, याची पैज लावतात. हा खेळ दिसावयास साधा. परंतु टणक नारळ पारखून निवडण्याची त्यातील हातोटी जाणत्यांकडूनच शिकावी लागते.

एकोणिसाव्या शतकात हा सण एकट्या कोळ्यांचा राहिलेला नव्हता. शिडाच्या जहाजांचा बंद पडलेला किनारी व्यापार याच दिवसापासून पुन्हा सुरू होई. त्यामुळे व्यापारी, तांडेल व खलाशी सर्वच समुद्राला नारळ वाहण्यास येत आणि किनाऱ्यावर मोठी जत्रा भरे. वाफेच्या जहाजांमुळे पावसाळ्यातही वाहतूक चालू लागली, तसा व्यापाऱ्यांचा या दिवसाशी असलेला संबंध सुटत गेला. समुद्राशी ज्यांचे पोट बांधलेले होते, त्यांनीच तो सण पुढे चालविला.

पुढे जी गोष्ट जहाजांच्या बाबतीत घडली तीच मासेमारीच्या बाबतीतही घडू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रनौका वाढल्या, बर्फ व शीतगृहे आली, कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली. आणि नारळी पौर्णिमेपूर्वी होडी पाण्यात घालू नये, हा गावाचा दंडक पाळण्याची सक्ती कोणावर करता येईना. पावसाळा हा अनेक जातींच्या माशांचा प्रजननकाळ असल्यामुळे या दंडकाला धर्माइतकाच व्यवहाराचाही आधार होता. जो निर्बंध जमातीच्या धाकाने पाळला जाई, तो अखेर कायद्याने घालावा लागला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये संमत झाला. अलीकडे १ जून ते ३१ जुलै हा ६१ दिवसांचा बंदीकाल यांत्रिक नौकांना लागू करण्यात येतो. सरकारी तारीख सौर कालगणनेची आणि सण चांद्र तिथीचा, त्यामुळे दोहोंचा मेळ दरवर्षी बसत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली, म्हणजे बंदी उठल्यानंतर जवळजवळ एक महिन्याने. अशा वर्षी कायद्याने मोकळी झालेली होडी नारळ वाहण्यापूर्वी दर्यात न्यावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक नाखव्यासमोर उभा राहतो. कर्जाचे हप्ते फेडणारा आणि परप्रांतीय खलाशांना पगार देणारा नाखवा थांबू शकत नाही, हे उघड आहे. त्याचे वडील किंवा काका याबद्दल नाराज होतात, हेही तितकेच उघड आहे.

होळी : कोळी बोलीत हिला हावली वा शिमगा म्हणतात. कोकणातील शिमग्याशी हिचे नाते जवळचे आहे. काही कोळीवाड्यांत आदल्या रात्री लहान होळी पेटवितात, तिला कोंबडहोळी अशी संज्ञा आहे. मुख्य होळीसाठी उंच झाड वा बांबू वाजतगाजत आणून रोवतात, त्यास फुले व पताकांनी सजवितात आणि मध्यरात्रीच्या सुमारास पाटलाच्या हस्ते पूजा होऊन होळी पेटते. नवविवाहित जोडप्यांना या पूजेत मान असतो. होड्यांनाही हार घालून नैवेद्य दाखवितात. कोळ्याच्या दृष्टीने होडी हे घरातीलच एक माणूस असते. रात्रभर फेर धरून नाचगाणी चालतात व त्यांत थट्टामस्करी, उखाळ्यापाखाळ्या यांना मुभा असते. वर्षभराचे वैर या रात्री मिटते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. काही वैरे याच रात्री सुरू होतात, हेही जुनी माणसे हसत सांगतात.

गौरी व देवदेवता : भाद्रपदातील गौर कोळ्यांकडे तेरड्याच्या रोपांची असते. इतरत्र गौरीला गोडाधोडाचा नैवेद्य दाखवितात. कोळ्यांकडे मात्र तिला मासळीचा, विशेषतः चिंबोऱ्यांचा नैवेद्य चालतो. माहेरवाशीण घरी आली, तर घरात जे उत्तम असेल तेच तिला वाढावयाचे, हा त्यामागील सरळ विचार होय. खंडोबा हे अनेक घराण्यांचे कुलदैवत असून देव्हाऱ्यात त्याचे टाक पूजिले जातात व कुटुंबे जेजुरीला जातात. वरळीची गोलफादेवी, माहीमची शीतळादेवी या गावदेवतांना आजही नवस बोलले जातात.

कार्ल्याची एकवीरा देवी ही मुंबई, ठाणे व रायगड या भागांतील कोळी-आगऱ्यांची सर्वांत मोठी यात्रा. कार्ले येथील प्राचीन बौद्ध चैत्यगृहाच्या तोंडाशीच देवीचे मंदिर आहे. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी निघते व कोळीवाडेच्या कोळीवाडे डोंगरावर लोटतात. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यापासून मुंबईहून या यात्रेस जाणे सुलभ झाले. समुद्राकाठच्या लोकांची देवी घाटमाथ्याजवळच्या डोंगरात का, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो. पण कोकणातील बंदरांहून घाटावर जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग कार्ल्यावरूनच जात होता, हे ध्यानात घेतल्यास त्यात फारसे नवल उरत नाही.

ख्रिस्ती कोळी : पोर्तुगीज अंमलात सोळाव्या शतकापासून मुंबई-साष्टीतील अनेक कोळी कुटुंबे ख्रिस्ती झाली. १८८७ नंतर येथील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. धर्म बदलला तरी भाषा, वेष, पाटीलकी, घुमटाच्या साथीने गाणे, लग्नातील उंबराच्या पाण्याचा विधी यांसारख्या गोष्टी टिकून राहिल्या. वांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरते आणि तीत हिंदू कोळीही मोठ्या संख्येने मेणबत्त्या वाहतात. मातेची मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, ही आख्यायिका दोन्ही धर्मांचे कोळी सारख्याच आपुलकीने सांगतात.

जुने दैवत व नवा धर्म यांचा असा मिलाफ जगात अन्यत्रही आढळतो. मेक्सिकोतील लहान गावांत संरक्षक संताचा वार्षिक उत्सव, १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्रींच्या पोसादा नामक मिरवणुका आणि १ व २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस यांत स्पॅनिश ख्रिस्ती विधी व तद्देशीयांच्या जुन्या प्रथा एकजीव झालेल्या दिसतात. उत्सवाचा खर्च दरवर्षी एका कुटुंबाने मान म्हणून अंगावर घेण्याची तेथील पद्धत कोळीवाड्यातील मानकऱ्यांची आठवण करून देते. मिचोआकान राज्यातील पात्स्क्वारो सरोवरात हानित्सिओ नावाचे बेट आहे. तेथील पुरेपेचा कोळी फुलपाखराच्या पंखांसारख्या जाळ्यांसाठी प्रसिद्ध. सरोवरातील मासळी घटली. जाळी मात्र राहिली, ती मुख्यतः प्रवाशांना दाखविण्यासाठी. मृतांच्या दिवशी त्या बेटावर बाहेरच्यांची एवढी गर्दी होते, की आपल्या पूर्वजांच्या थडग्यापाशी निवांत बसणेही गावकऱ्यांना कठीण जाते. मुंबईतही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून वेसावे व अन्य ठिकाणी मासळीच्या खाद्यपदार्थांचे महोत्सव भरू लागले. त्यांतून कोळी स्त्रियांच्या हाती पैसा येतो, ही जमेची बाजू निःसंशय मोठी आहे. तथापि असा महोत्सव म्हणजे सण नव्हे. त्याची तारीख भरतीवरून नव्हे, तर प्रेक्षकांच्या सुटीवरून ठरते.

शीव कोळीवाड्याचे रूपांतर : शीवच्या परिसरात खाडी, खाजण व मिठागरे होती. साष्टीकडे जाणारा बांध जोनाथन डंकन याच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधण्यात आला; १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग येथूनच गेला. शेजारच्या धारावीचा उल्लेख गॅझेटिअरमध्ये मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक असा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार न्यासाने दादर, माटुंगा, शीव या भागांत आखीव नगररचना हाती घेतली. १९१० मध्ये सुरू झालेल्या हार्बर मार्गावरील येथील स्थानकाला कोळीवाडा हेच नाव मिळाले. भराव, रस्ते व रूळ यांनी पाणी हळूहळू मागे रेटले आणि मिठी नदीच्या मुखाकडील खाडी कारखान्यांच्या व शहराच्या सांडपाण्याने मासेमारीस निकामी होत गेली.

१९४७ च्या फाळणीनंतर पंजाब व सिंधमधील निर्वासितांना येथील लष्करी बराकींत आसरा देण्यात आला व पुढे त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. स्थानकाचे नाव बदलून गुरू तेगबहादूर नगर झाले. याच पंजाबी वस्तीतील खानावळींतून मसाल्याच्या पिठात घोळवून तळलेली कोळंबी ‘कोळीवाडा’ या नावाने देशभरच्या उपाहारगृहांत पोहोचली. ज्यांच्या वस्तीचे नाव या पदार्थाला मिळाले, त्यांच्या स्वयंपाकघरात तो नव्हता, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. त्यांच्या कालवणात तिखट असते ते त्यांच्याच वाटणाचे. अर्थात त्यातील मिरचीही मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेली. जानेवारीत पंजाबी वसाहतीत लोहडीची शेकोटी पेटते आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी कोळ्यांची होळी. दोन्ही आगींभोवती शेजारच्या मुलांची गर्दी सारखीच असते.

रंजनाच्या क्षेत्रातही कोळीजीवन वस्तीबाहेर गेले. शांता शेळके यांनी रचलेली व हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते आकाशवाणी व ध्वनिमुद्रिकांद्वारे मराठी घराघरांत पोहोचली. शाळांच्या स्नेहसंमेलनांत कोळीनृत्य अपरिहार्य झाले. कोळ्यांचा वेष असा सर्वांच्या परिचयाचा होत असताना कोळ्यांची जमीन मात्र सरकारी कागदोपत्री अधिकाधिक अनोळखी होत होती.

जागेचा प्रश्न : सण साजरा करण्यास जी जागा लागते तीच कोळ्यांना एरवीही लागते. मासळी सुकविण्याचे अंगण, जाळी पसरण्याचे मैदान, होडी ओढण्याचा उतार, यांपैकी कोठेतरी होळी पेटते व फेर धरला जातो. नगररचनेच्या नकाशावर मात्र ही जागा मोकळी, म्हणजेच बांधण्यास उपलब्ध, अशी दिसते. घरे दाटीची व जुनी असल्याने अनेक कोळीवाडे झोपडपट्टी या सदरात ढकलले गेले. वास्तविक ही बेटावरील सर्वांत जुनी गावठाणे होत. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करून त्यांना स्वतंत्र दर्जा देण्याची तरतूद करण्यात आली. तरीही सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. शीव कोळीवाड्यात २०१२ च्या मे महिन्यात पुनर्विकासासाठी घरे पाडली जाऊ लागली, तेव्हा रहिवाशांनी तीव्र विरोध केला. आपली वस्ती झोपडपट्टी नसून कोळीवाडा आहे, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. वरळीच्या कोळ्यांचा लढा पाण्यातील वाटेसाठी होता. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. होड्यांना क्लीव्हलँड बंदरातून ये-जा करण्यास ते अपुरे असल्याची तक्रार त्यांनी दीर्घकाळ लावून धरली व अखेरीस ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले.

समुद्र दुरावलेल्या वस्त्यांत मासेमारी हा आता बहुतेकांचा व्यवसाय उरलेला नाही. पुरुष कचेऱ्यांत व कारखान्यांत गेले. मासळीविक्री काही प्रमाणात स्त्रियांनी चालू ठेवली असून त्या पहाटे ससून गोदी किंवा भाऊच्या धक्क्यावरून माल आणतात. असे असूनही श्रावणातील पौर्णिमेला सोनेरी नारळ मढविला जातो. पूर्वी तो दारातल्या पाण्यात सोडला जाई. आता त्यासाठी वाहतुकीच्या रस्त्यांवरून, पोलिसांची परवानगी घेऊन, खाडीच्या वा समुद्राच्या काठापर्यंत मिरवणूक न्यावी लागते. ही वाट लांबली, तशी वाटेवर म्हणावयाच्या गाण्यांची संख्याही वाढली आहे आणि नव्या गाण्यांत घरे, भराव व पुनर्विकास यांचेही उल्लेख येऊ लागले आहेत.